पुसणाऱ्याला बुद्धी दे, म्हाराजा

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शिक्षकखोलीतल्या मंडळींनी मला शाल, श्रीफळ आणि लाल रिफिलांचा एक अख्खा डबा दिला. डबा ही चेष्टा होती, हे घरी येऊन नवरा हसायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. डिचोलीत बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. माझ्या वर्गातल्या वह्यांत पोरांच्या निळ्या शाईपेक्षा माझी लाल शाई जास्त असायची, असं जुने विद्यार्थी अजून बाजारात भेटले की सांगतात. सांगताना हसतात, पण दोन पावलं लांब उभे राहून.

रिफिलं झिजवायला वह्या उरल्या नाहीत, आणि मग मला तो ज्ञानकोश सापडला. इंटरनेटवरचा, मराठीतला. ज्याला वाटेल त्याने लिहावं आणि ज्याला वाटेल त्याने दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं, असा तिथला रिवाज. पहिल्या अर्ध्याशी मला फारसं कर्तव्य नव्हतं. दुसरा अर्धा वाचून मात्र हात शिवशिवले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी संगणकासमोर बसायचे आणि आदल्या दिवसात लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते तपासायचे. संदर्भ नाही, काढा. दुकानाची जाहिरात आहे, काढा. सरपंचाची आरती ओवाळली आहे, काढा. नऊ वर्षं हे चाललं, आणि खोटं कशाला बोलू, फार मजेत चाललं.

तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकाचं एक चर्चापान असतं, म्हणजे दाराला लावलेली पत्रपेटीच म्हणा. कुणालाही त्यात निरोप टाकता येतो आणि तो सगळ्यांना वाचता येतो. माझ्या पेटीतला पहिला निरोप ताकिदीचा आहे. माझं माहेर मयेचं. तर मी अगदी सुरुवातीला हौसेने मयेच्या तळ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आम्ही लहानपणी कुठल्या बाजूने पाण्यात उतरायचो वगैरे. दहा मिनिटांत त्या उडाल्या आणि पेटीत ताकीद पडली की ऐकीव माहिती लिहू नये. मला वाईट वाटलं होतं. तेव्हा ते कुणालाच सांगितलं नाही. मी नियम पाठ केले आणि ठरवलं, की जे मला झेपलं ते इतरांनाही झेपायला हवं.

मग एकदा आम्हा जुन्या संपादकांची संगणकावरच बैठक झाली. नवीन माणसं येतात, एकदा काहीतरी लिहितात आणि पुन्हा फिरकत नाहीत, अशी तक्रार निघाली. कुणीतरी उद्योगी माणसाने शोधून काढलं होतं की या पळालेल्या लोकांचं लिखाण शेवटी कुणी काढलं होतं. बऱ्याच ठिकाणी एकच सदस्यनाव निघालं. ते माझं होतं. मी बाह्या सरसावून बसले होते, पण भांडण झालंच नाही. उलट सगळ्यांनी गोड हसून नवीन सदस्यांच्या स्वागताचं काम एकमताने माझ्याकडे दिलं.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," नवरा म्हणाला. तो खाणीवर नोकरीला होता. त्याचे वडील वेंगुर्ल्याकडून खाणीच्या कामाला आले ते डिचोलीतच राहिले, पण जीभ मालवणीच राहिली आणि ती वारशाने याला मिळाली. त्याचं म्हणणं असं, की आपल्याकडे दारात माणूस आला तर आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. मी आधी पुरावा मागते.

काम अंगावर घेतलं की ते चोख करायचं हा माझा स्वभाव. स्वागताचा एक तयार मजकूर होता: नमस्कार, आपले स्वागत आहे, आणि खाली सात नियमांचे सात दुवे. नवीन माणसाने पहिल्यांदा काही लिहिलं की दुसऱ्या सकाळी तो त्याच्या पेटीत आपोआप पडेल, अशी व्यवस्था केली. शिवाय पेडण्याच्या एका वाचनालयाशी बोलून दर रविवारी सकाळी त्यांची खोली मिळवली. डिचोलीहून म्हापसा, तिथून बस बदलून पेडणे, असा माझा रविवारचा प्रवास सुरू झाला. जाताना म्हापशात पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ताजे उंडे घ्यायचे. वाचनालयाच्या खालच्या हॉटेलातून पातळ भाजी आणि चहा वर यायचा. पावाचा वास सुटला की माणसं वेळेवर येतात, हा शाळेतला अनुभव.

सातजण जमले. त्यांत केरीहून एक तरुण सून आली. अंगणवाडीत काम करणारी, चटपटीत. तिच्या स्कूटरवर मागे बसून तिचा सासरा आला. तो शिकायला आला नव्हता, सोबतीला आला होता. जनेलाजवळची कदेर, म्हणजे खिडकीजवळची खुर्ची, ओढून तो बसला आणि उंड्याचा तुकडा भाजीत बुडवत ऐकत राहिला. केरी आणि तेरेखोल यांच्यामध्ये जी खाडी आहे, तिच्यावर त्याने तीस वर्षं फेरीबोट चालवली होती. तिसरीनंतर शाळा पाहिलेली नव्हती, पण वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचायचा. दुसऱ्या तासाला पाहते तर सून मागे बसलेली आणि सासरा तिचा फोन घेऊन पुढे. एका बोटाने अक्षरं शोधत होता. एक ओळ व्हायला त्याला पाव तास लागायचा, आणि ती झाली की तो चष्मा काढून पुसायचा.

पहिल्यांदा 'प्रकाशित करा' हे बटण दाबायची वेळ आली तेव्हा तो थांबला. मला विचारलं, हे कोणाकोणाला दिसणार. मी म्हटलं, सगळ्या जगाला.

"सगळ्या जगाक दाखवूचा म्हणतात," तो म्हणाला, "मगे देवाक आधी विचारूक नको?"

बाकीचे हसले. मी नाही हसले, कारण मला राग आला होता. भूगोलाच्या तासाला देव आणलेला मला कधीच खपला नाही. पण मी आता स्वागत करणारी बाई होते. म्हटलं, विचारून या.

आमच्याकडे ही रीत अजून आहे. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, गावच्या देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डावा कौल आला की माणूस भांडत नाही, का म्हणून विचारत नाही. नारळ ठेवतो आणि घरी जातो.

पुढच्या रविवारी तो देवाचा प्रसाद घेऊनच आला. उजवा मिळाला होता. मी तेव्हा प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत होते. तो माझ्यामागे उभा राहून शांतपणे सांगत होता की फोनात पाण्याची वेळ चुकीची लिहिलेली आहे आणि त्याला तेवढीच सुधारायची आहे. फेरीवरचा माणूस, पाण्याची वेळ, म्हणजे फेरीबोटीचं वेळापत्रक असणार, असा मी तर्क केला. मागे न वळता सांगून टाकलं, की ज्ञानकोशात वेळापत्रकं घालत नाहीत. तो "बरां" म्हणाला आणि जाऊन बसला.

त्याला काय म्हणायचं होतं हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. समुद्राला पूर्ण भरती कधी येणार हे काढायचा एक सोपा हिशोब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. भूगोलात शिकवतात, मीही शिकवला. आणि ज्ञानकोशात भरती-ओहोटीच्या लेखात तो परिच्छेद मीच लिहिला होता. केरीच्या किनाऱ्यावर हरमलच्या बाजूला खडक आहेत. तिथे बाहेरून आलेली माणसं फोटो काढायला जातात, आणि अलीकडे फोनात वाचून भरतीची वेळ बघून जातात. गेल्या वर्षी या म्हाताऱ्याने असंच एक कुटुंब दोर टाकून खडकावरून काढलं होतं. कुणाला काही झालं नाही, कमरेपर्यंत भिजले एवढंच, पण भिजलेला बाप पुन्हा पुन्हा फोन दाखवून म्हणत होता की अजून एक तास आहे, इथे लिहिलंय. तेव्हापासून म्हाताऱ्याने मनात घेतलं होतं की फोनातला तो तास दुरुस्त करायचा. सुनेला सोबत म्हणून तो आला नव्हता. तो तिला सोबत म्हणून घेऊन आला होता.

त्या बुधवारी सकाळी मी चहा घेऊन बसले आणि माझ्याच परिच्छेदाखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं. "ह्यो हिशेब आमच्या खाडयेक लागू पडणा नाय," अशी सुरुवात होती. सदस्यनाव म्हणजे दोन अक्षरं आणि चार आकडे, एखाद्या गाडीची नंबरप्लेट असावी तसं. संदर्भ नाही. भाषा बोलीतली. आणि माझं चुकलं म्हणतोय. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत मी ते काढून टाकलं. नंबरप्लेटच्या पेटीत ताकीद पडली, आणि तो नवीन सदस्य असल्यामुळे ताकिदीखाली लगेच माझं आपोआप पडणारं स्वागतही पडलं. नवरा मागून डोकावत होता. म्हणाला, आधी लाथ आणि मग पान-सुपारी, हे फक्त तुलाच जमतं. मी त्याला दूध आणायला पाठवलं.

रविवारी सून एकटीच आली. तिच्या तोंडून सगळं समजलं. ती ओळ आणि तिच्याखालच्या तीन ओळी लिहायला सासऱ्याला दोन दिवस लागले होते. सदस्यनाव म्हणून त्याने आपल्या फेरीबोटीचा जुना नंबर घातला होता. मंगळवारी संध्याकाळी बटण दाबलं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, आणि बुधवारी सकाळी पाहतात तर सगळं नाहीसं. ताकीद, पेटी वगैरे काही त्याने उघडून पाहिलं नाही. त्याच्या दृष्टीने प्रकार सरळ होता. कौल लावताना त्याने देवाला विचारलं होतं, वर्गाला जाऊ का. लिहू का, असं विचारलंच नव्हतं. म्हणून देवाने लिहिल्यावर उत्तर दिलं.

"बाबा म्हणतत, देवान डावो दिलो," सून म्हणाली. "नारळ ठेवन इले. आता लिवचे नाय."

तिने फोन पुढे केला. त्यावर मी काढलेलं लिखाण इतिहासाच्या यादीत दिसत होतं, आणि पुढे काढणाऱ्याचं सदस्यनाव. ते माझं आहे हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की चूक केली तर हात वर करावा. माझा हात काही वर गेला नाही. मी म्हटलं, बघते, आणि फळ्याकडे वळले. परतीच्या बसमध्ये मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी काय केलं? तर मी बरोबर आहे हे सिद्ध करायला बसले. खरंच. माफी मागायचीच असली तर निदान मुद्दा तरी आपला असावा. शाळेच्या जुन्या कपाटातून आणलेली बंदरांच्या भरती-ओहोटीची छापील कोष्टकं माझ्याकडे होती. वर्गात हातात धरून दाखवायला बरी पडायची म्हणून घेतलेली, आतून कधी न वाचलेली. मी कोष्टक धरलं, नवऱ्याने पंचांग धरलं. तो तिथी सांगायचा, मी पाऊणपट करायचे आणि कोष्टकाशी ताडून बघायचे. मुंबईचं पान जवळपास जुळत गेलं. मग मुरगावचं पान काढलं. पहिल्या दिवशी तास चुकला. दुसऱ्या दिवशी तास चुकला. महिनाभराच्या तिथी तपासल्या, कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, पण आमच्या किनाऱ्याला पाणी मुंबईच्या सुमारे तासभर आधीच भरत होतं. मी जो हिशोब गोव्याच्या पोरांना बत्तीस वर्षं शिकवला, तो मुंबईच्या पाण्याचा होता.

नवऱ्याने पंचांग मिटून ठेवलं. चेष्टा करायची एवढी मोठी संधी त्याने सोडली, यावरूनच माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा. मग म्हणाला, "लाल रिफिल हाडू?" आणि डबा आणायला उठलाही.

विनायकी चतुर्थीला मी केरीला गेले. तीच तिथी निवडली, कारण हिशोब सोपा. पेडण्यापर्यंत बसने, तिथून सुनेच्या स्कूटरवर. मोप्याला विमान पकडायला निघालेल्या टॅक्सी समोरून सुसाट येत होत्या, आणि मी कोष्टकाची पिशवी छातीशी धरून मागे बसले होते. म्हातारा फेरीच्या धक्क्यावरच भेटला. निवृत्त झाला तरी दुपारी तिथेच असायचा. मी आले म्हणून त्याने आधी शहाळं मागवलं. तांब्याच्या जागी शहाळं, पण रीत तीच. मी ते तसंच हातात धरलं.

आम्ही पाणी बघत बसलो. धक्क्याच्या उतारावर पाणी कुठवर चढलं ते तो पायाच्या अंगठ्याने दाखवत होता. दोनला थोडा वेळ होता तेव्हा ते चढत होतं. सव्वादोनला ते थांबलं. आणि तीन वाजता, म्हणजे माझ्या परिच्छेदाप्रमाणे जेव्हा पूर्ण भरती असायला हवी होती तेव्हा, उतारावरची ओली रेघ पाण्यापासून दोन पावलं वर राहिली होती. त्याने त्या रेघेवर अंगठा टेकवला.

मग मी सांगितलं. ते लिहिलेलं देवाने काढलं नाही, मी काढलं.

तो पाण्याकडेच बघत राहिला. "तुमी?"

"मी. ते नाव माझं आहे."

"वाचून काढलात?"

हा प्रश्न नऊ वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही, पहिली ओळ वाचली आणि काढलं.

"कौल दिवच्या आधी देव तरी सगळां आयकता, बाई," तो म्हणाला.

रागावून नाही म्हणाला. एखाद्याला वाट चुकली हे सांगावं तसं म्हणाला, आणि म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं आणि कोष्टक काढून दाखवलं, की बघा, तुमचंच बरोबर आहे, आता संदर्भही मिळाला, आता लिहा. चालून आलेला पुरावा बघून तो उठेल असं मला वाटलं होतं. तो जागचा हलला नाही. त्याने देवापुढे नारळ ठेवून सांगितलं होतं की आता लिहिणार नाही. गैरसमजातून दिला तरी शब्द तो शब्द. त्यातून मोकळं करणार तो देवच, मी नव्हे आणि माझं कोष्टकही नव्हे.

म्हणून संध्याकाळी मी, जी आयुष्यात कधी कौल लावायला गेली नाही, ती केरीच्या देवळात मांडी घालून बसले. म्हाताऱ्याने आधी गुरवाच्या कानाशी लागून बरंच काही सांगितलं. सून तोंडावर पदर धरून का हसतेय ते मला कळेना. पाकळ्या लागल्या. गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं, आणि प्रत्येक मागणीला आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं.

गुरव म्हणाला, ह्या लेकरान अज्ञानान शब्द दिलो, तो परत घे. व्हय म्हाराजा. ही बाय डिचोलेसून इली आसा, तिका सुखरूप घरा पावय. व्हय म्हाराजा. जो कोण लिवता तेका यश दी. व्हय म्हाराजा.

"आणि जो कोण पुसता," गुरवाने आवाज चढवला, "तेका आधी वाचूची बुद्धी दी, म्हाराजा."

देवळातली चार-पाच माणसं माझ्याकडे बघायला लागली. म्हातारा हात जोडून समोर, चेहरा अगदी गरीब. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं असणार.

मग पाकळ्यांची वाट बघणं आलं. ते पाच मिनिटं होतं की अर्धा तास, मला सांगता येणार नाही. डावी पडली असती तर हा माणूस पुन्हा कधीही लिहिणार नव्हता, फोनातला तास चुकीचाच राहिला असता, आणि तो माझ्यामुळे राहिला असता. मी तो तास दुरुस्त करू शकत होतेच, पण मग तेही माझ्याच नावावर गेलं असतं आणि ज्याला पाणी ठाऊक आहे तो दाराबाहेर. डावीकडची एक पाकळी सैल झालेली दिसत होती. मी श्वास धरून तिच्याकडे बघत होते, पडू नकोस म्हणून. भूगोलाची शिक्षिका, ओल्या पाकळ्या गुरुत्वाकर्षणाने पडतात हे ठाऊक असलेली. मग उजवी पडली. सून ओरडली आणि मी तिला मिठी मारली.

देवळासमोरच्या पारावर बसून त्याने फोन काढला. मी शेजारी. काय लिहायचं ते त्याचं, कुठल्या पानावरचा संदर्भ ते माझं. बोलीतल्या त्याच्या वाक्यांना मी हात लावणार इतक्यात त्यानेच विचारलं, तुमच्या पुस्तकी भाषेत कसं म्हणतात. एकेक वाक्य तो बोलायचा, मी मराठीत सांगायचे, तो पुन्हा स्वतःच्या बोटाने लिहायचा. शेवटी खडकांवर जाणाऱ्यांनी सांभाळावं हे वाक्य त्याला हवं होतं. मी म्हटलं, ज्ञानकोश उपदेश करत नाही. आमचं यावरून खटकलं. अखेर 'या खडकांवर पूर्ण भरतीच्या तासभर आधीच पाणी येते' एवढ्यावर दोघं थांबलो. बटण दाबायच्या आधी त्याने विचारलं, आता कोण पुसणार नाही ना. मी खरं ते सांगितलं, की कुणीही पुसू शकतो, पण पुसलं तर परत घालायला मी आहे. त्याने बटण दाबलं आणि चष्मा काढून पुसला.

त्या सोमवारी मी स्वागताची आपोआपची व्यवस्था बंद केली. आता नवीन माणूस आला की त्याने काय लिहिलंय ते आधी शेवटपर्यंत वाचते, मग त्याच्या पेटीत स्वतः दोन ओळी लिहिते. काढायचं असेल तर काढतेही. स्वभावाला औषध नाही. पण आधी 'या' म्हणते. पेडण्याचा वर्ग चालू आहे. म्हातारा आता पुढच्या कदेरीवर बसतो आणि नवीन आलेल्यांना बटण कुठे आहे ते दाखवतो. तेरेखोल नदीच्या लेखात त्याने इतकं लिहिलंय की मला संदर्भ शोधता शोधता धाप लागते.

महिन्याभराने एका सकाळी मी चहा घेऊन बसले तर माझ्याच पेटीत नवा निरोप होता. पाठवणारा, फेरीबोटीचा नंबर. त्याला कुणीतरी शिकवलं होतं की प्रत्येकाच्या पेटीत सगळ्यांत वर त्याचं स्वागत असतं. म्हणून तो माझं बघायला गेला होता.

"बाई," त्याने लिहिलं होतं, "तुमच्या पानार वयर ताकीद आसा. स्वागत खंयच दिसणा नाय. नव वर्षां तुमका कोणी येवा म्हटल्यान नाय? येवा. बसा. पाणी घेवा. मगे मयेच्या तळयेचा काय ता परत लिवा. आमी वाचतो."

मी ते तीनदा वाचलं. नवऱ्याला हाक मारली, आणि त्यानेही चष्मा लावून ते वाचलं. वाचून झाल्यावर तो आत गेला आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर मेजावर ठेवला. मी पाणी प्याले. मग मयेच्या तळ्याचं पान उघडलं, आणि आम्ही लहानपणी कुठल्या बाजूने पाण्यात उतरायचो हे कुठल्या छापील पुस्तकात सापडेल, ते शोधायला बसले.